‘उद्याच अँजिओग्राफी करून घ्या’ असं सांगितलं तर

प्रश्न थोडक्यात असा. वडील ६३ वर्षांचे, बारा वर्षांपासून मधुमेह. गेले चार महिने चढ चढताना किंवा जेवणानंतर भराभर चाललं की छातीत दाबल्यासारखं होतं, थांबलं की दोन-तीन मिनिटांत जातं. ईसीजी ठीक, टूडी एकोत पंपिंग ६० टक्के, म्हणजे ठीकच, टीएमटी (चालत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) मात्र पॉझिटिव्ह. एक डॉक्टर म्हणाले, "उद्याच अँजिओग्राफी करू, ब्लॉक निघाला तर तिथेच स्टेंट टाकू." दुसऱ्यांनी आधी सीटी अँजिओ (हृदयापर्यंत नळी न नेता सीटी स्कॅनवर धमन्या बघणं) सुचवली. शिवाय सासऱ्यांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय, काही त्रास नाही, तरी दरवर्षी ‘चेक अँजिओ’ करायला सांगितलंय. काय करावं?

वडिलांना आज ना उद्या अँजिओग्राफी, म्हणजे मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून हृदयाच्या धमन्यांचं चित्र घेणं, लागण्याची शक्यता बरीच आहे. पण ती उद्याच करावी असं तुम्ही दिलेल्या माहितीत मला काही दिसत नाही, आणि स्टेंटचा निर्णय त्याच टेबलावर घ्यायला माझा ठाम विरोध आहे. सासऱ्यांचं उत्तर सोपं आहे: करू नका. आता कारणं सांगते.

आधी ज्यांना थांबायचंच नाही त्यांच्याबद्दल, म्हणजे पुढचं वाचून कुणी भलतीकडे ते लावणार नाही. छातीत दुखणं बसल्याजागी सुरू झालं, वीस मिनिटं झाली तरी थांबेना, घाम फुटला, ईसीजीच्या आलेखातला ‘एसटी’ नावाचा भाग वर उचललेला दिसला, तर हा मोठा हार्ट अटॅक आहे. इथे अँजिओग्राफी तपासणी म्हणून राहतच नाही, ती उपचाराची पहिली पायरी होते. कॅथलॅब (अँजिओग्राफी करण्याची खोली) असलेल्या रुग्णालयात पोचल्यापासून ९० मिनिटांच्या आत बंद पडलेली धमनी उघडावी हा जगभर मानलेला निकष आहे. तालुक्याच्या गावी असाल आणि दोन तासांत कॅथलॅब गाठणं शक्य नसेल, तर तिथेच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घ्यायचं. आपल्याकडे खरी गफलत यानंतर होते. इंजेक्शनने दुखणं थांबतं, माणूस उठून चहा पितो, आणि नातेवाईक म्हणतात, आता बरं वाटतंय, घरी नेतो. नेऊ नका. इंजेक्शन लागू पडलं तरी ३ ते २४ तासांच्या आत अँजिओग्राफी व्हायला हवी, कारण गुठळी विरघळली तरी ज्या जागी ती धरली ती जागा तशीच खराब असते. आणि लागू पडलं नाही तर तातडीने पुढे हलवायचं.

एसटी वर नाही पण रक्तात ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाल्याचं दाखवणारं प्रथिन) वाढलंय, असाही अटॅक असतो. त्यात धोका जास्त असेल तर २४ तासांत, दुखणं थांबतच नसेल, बीपी कोसळत असेल किंवा फुप्फुसात पाणी भरत असेल तर दोन तासांतसुद्धा अँजिओग्राफी करतात. फक्त खूप वयस्क माणसांत थोडा विचार करावा लागतो. ब्रिटनमध्ये ७५ वर्षांपुढच्या १,५१८ रुग्णांवर झालेल्या ‘सीनियर-रिटा’ चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. अशा अटॅकनंतर सगळ्यांची अँजिओग्राफी करण्याच्या धोरणाने मृत्यू आणि पुढचे अटॅक मिळून एकूण आकड्यात ठळक फरक पडला नाही. म्हणून ८५ वर्षांच्या, विसरभोळ्या, किडनी थकलेल्या आजींना ‘इतरांची करतो म्हणून यांचीही’ हा न्याय लावू नये.

तुमचे वडील या कुठल्याच गटात नाहीत. चार महिने तोच त्रास, तेवढ्याच श्रमाला, विश्रांतीने जाणारा. याला आम्ही स्थिर अंजायना म्हणतो. मात्र गेल्या काही दिवसांत तो कमी श्रमाला येऊ लागला असेल, रात्री झोपेतून उठवत असेल किंवा एका वेळेला जास्त टिकत असेल, तर तो स्थिर राहिलेला नाही. मग माझं पुढचं सगळं लिखाण बाजूला ठेवा आणि आजच दाखवा. त्यांना नीट विचारा. निवृत्त माणसं मुलाला काळजी नको म्हणून ‘गॅसेस झाले होते’ म्हणतात, आणि चढ टाळायला लागतात म्हणून त्रास कमी वाटतो. मधुमेहात तर दुखण्याऐवजी नुसता दम लागणं एवढंच लक्षण असू शकतं.

स्थिर अंजायनात अँजिओग्राफी करण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: जे दिसेल त्यावरून आपण काही वेगळं करणार आहोत का? करणार असू तर करावी. उत्तर काहीही आलं तरी औषधं तीच राहणार असतील, तर मनगटात नळी घालून मिळालेली माहिती फक्त भीती वाढवते. एखाद्या म्हाताऱ्या गृहस्थांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ‘हार्टचं एकदा बघून घेऊ’ म्हणून अँजिओग्राफीला पाठवलेलं मी पाहिलंय. मोतीबिंदूला हृदयावर ताण जवळजवळ येतच नाही. अगदी मोठ्या रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेआधीसुद्धा स्थिर रुग्णांचे ब्लॉक आधी उघडून काही वाचतं का, हे अमेरिकेतल्या ‘कार्प’ चाचणीत तपासलं गेलं. २००४ मध्ये उत्तर आलं, नाही. झडपेच्या ऑपरेशनचं वेगळं. छाती उघडणारच आहे तर त्याच वेळी बायपासही लागेल का हे सर्जनला ठाऊक हवं, म्हणून चाळिशीपुढच्या पुरुषांत आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत हृदयाच्या धमन्या आधी पाहतातच. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेल्या तिशीच्या मुलींना मात्र बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१२ मध्ये यासाठी एक पद्धत ठरवली. रुग्णाची लक्षणं, आधीच्या तपासण्या आणि धोका यांच्या एकेका जुळणीला १ ते ९ गुण दिले. ७ किंवा जास्त असतील तर अँजिओग्राफी योग्य, ३ किंवा कमी असतील तर सहसा अयोग्य, मधले वादाचे. काहीच लक्षण नसलेल्या, धोका कमी असलेल्या माणसाची अँजिओग्राफी अर्थातच तळाला. आपल्याकडे ती ‘एक्झिक्युटिव्ह चेकअप’च्या रिपोर्टातल्या किरकोळ खुणेवरून होते. ४५ वर्षांचा मित्र अचानक गेला की त्याच्या बॅचचे चौघे पुढच्या आठवड्यात बाह्यरुग्ण विभागात येतात: "मॅडम, एकदा बघूनच टाका." त्यांची भीती खोटी नाही. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत ५९ च्या आसपास. ‘इंटरहार्ट’ या मोठ्या अभ्यासात हे दिसलं. पण त्या भीतीवर उपाय म्हणजे सिगारेट, साखर, बीपी, कोलेस्टेरॉल आणि फार तर धमन्यांतलं कॅल्शियम मोजणारा साधा सीटी. अँजिओग्राफी नव्हे.

आता वडिलांची टीएमटी. ‘पॉझिटिव्ह’ एवढ्यावर काही ठरत नाही. कागद काढून बघा. कितव्या मिनिटाला बदल आले? ब्रूस पद्धतीत दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो. पहिल्याच टप्प्यात एसटी दोन मिलिमीटर किंवा जास्त खाली गेला, बीपी वाढण्याऐवजी उतरलं, थांबल्यावरही बदल बराच वेळ राहिले, तर ही धोक्याची टीएमटी आहे, आणि मग पहिल्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर: सीटीत वेळ न घालवता काही दिवसांत अँजिओग्राफी करावी. नऊ मिनिटं पळून शेवटी एक मिलिमीटरचा बदल आला असेल तर तो दिलासाच आहे. (बायकांच्या टीएमटीत खोटं पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण जास्त असतं. केवळ त्यावरून कुणा मावशींना कॅथलॅबकडे नेत असतील तर सीटी किंवा स्ट्रेस एको (हृदयावर ताण देऊन केलेली एको) मागा.)

धोक्याची खूण नसेल तर सीटी अँजिओ हा चांगला मधला मार्ग आहे. युरोपातल्या ‘डिस्चार्ज’ चाचणीत छातीत दुखणाऱ्या, ब्लॉक असेल-नसेल अशा मधल्या शक्यतेच्या ३,५६१ रुग्णांपैकी निम्म्यांची थेट अँजिओग्राफी केली, निम्म्यांची आधी सीटी. साडेतीन वर्षांत मृत्यू, अटॅक, पक्षाघात यांत दोन्ही गट साधारण सारखे राहिले. तपासणीशी निगडित मोठी गुंतागुंत मात्र थेट अँजिओग्राफीत १.९ टक्के आणि सीटीत ०.५ टक्के. पण सीटी म्हणजे ‘बिनधोक अँजिओग्राफी’ असा समज करून घेऊ नका. धमन्या चित्रात दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध, म्हणजे डाय, त्यातही जातंच, बऱ्याचदा नळीच्या अँजिओग्राफीपेक्षा जास्त. किडनीचा प्रश्न सीटीने सुटत नाही. बारा वर्षांच्या मधुमेहात धमन्यांत चुना (कॅल्शियम) खूप साठला असेल तर सीटीत ब्लॉक असतो त्याहून मोठा दिसतो. नाडी अनियमित असेल किंवा आवरत नसेल तर चित्र हलतं. जुने बारीक स्टेंट तपासायला तर ती कमीच पडते. वडिलांना सीटी करायची असेल तर कुठे, कोण वाचणार, हे विचारा. हृदयाची सीटी नियमित करणारं केंद्र हवं.

सीटी मला इथे मुख्यतः एका गोष्टीसाठी हवी असते: डाव्या मुख्य धमनीच्या बुंध्यात अडथळा नाही ना? तिथे असेल तर सगळं गणित बदलतं. ‘इस्केमिया’ या चाचणीत हेच केलं होतं. २०२० मध्ये तिचे निष्कर्ष आले. ५,१७९ रुग्ण, बरेच भारतातलेही, आणि सगळ्यांच्या तपासणीत हृदयाला रक्त कमी पडत असल्याचं मध्यम किंवा जास्त प्रमाणात दिसलेलं. बहुतेकांची आधी सीटी करून बुंध्याचा आजार असलेले वगळले. पंपिंग ३५ टक्क्यांखालचे आणि औषधांनीही त्रास असह्य असणारे आधीच वगळले होते. मग निम्म्यांना अँजिओग्राफी आणि स्टेंट किंवा बायपास, निम्म्यांना फक्त औषधं, गरज पडली तरच पुढे. सुमारे तीन वर्षांत पहिल्या गटात १४५ मृत्यू, दुसऱ्यात १४४. अटॅकही एकूण कमी झाले नाहीत. उत्स्फूर्त अटॅक थोडे घटले, पण प्रक्रियेच्या वेळचे वाढले. ज्यांना वरचेवर अंजायना होता त्यांना मात्र स्टेंट-बायपासने स्पष्ट आराम पडला. औषधांच्या गटातल्या पाचातल्या साधारण एकाला पुढे प्रक्रिया करावी लागली. म्हणजे बाकीच्या चौघांची त्या काळात टळली.

हे ऐकून लोक बुचकळ्यात पडतात, कारण आम्हीच त्यांना तुंबलेल्या पाइपचं चित्र दाखवलेलं असतं. पाइप तुंबला, साफ केला, झालं. धमनीचं तसं नसतं. अटॅक बऱ्याचदा येतो तो फार अरुंद न झालेल्या जागी चरबीचा थर फुटून. अशा कितीतरी जागा धमनीभर पसरलेल्या असतात, आणि स्टेंट त्यातल्या एकाच जागी बसतो. स्टॅटिन, अ‍ॅस्पिरिन, साखर-बीपीचा ताबा हे सगळीकडे काम करतात. स्टेंटने त्रास कमी होतो, ते काही थोडकं नाही; फक्त स्थिर रुग्णाला ‘आयुष्य वाचवायला’ म्हणून तो विकू नये.

याचा दुसरा भाग म्हणजे अँजिओग्राफीत नेमकं काय दिसतं. १९५८ मध्ये क्लीव्हलंडला मेसन सोन्स यांच्या रुग्णात नळी चुकून उजव्या हृदयधमनीत सरकली, डाय थेट तिथे गेला आणि माणूस दगावला नाही, यातून ही तपासणी जन्मली. तेव्हापासून आजपर्यंत पडद्यावर दिसते ती डायची सावली. धमनीची भिंत दिसत नाही, आणि अरुंद जागेतून रक्त खरोखर कमी पडतंय का तेही दिसत नाही. ‘७० टक्के’ हा आकडा बहुधा डॉक्टरांच्या नजरेचा अंदाज असतो. त्यात व्यास धरला की क्षेत्रफळ यावरही फरक पडतो: व्यासाने ५० टक्के म्हणजे गोल नळीत क्षेत्रफळाने ७५ टक्के. दोन रिपोर्टांत दोन आकडे येण्याचं हे एक साधं कारण.

म्हणून एफएफआर नावाची तपासणी आली. दाब मोजणारी केसाएवढी बारीक तार ब्लॉकच्या पलीकडे नेतात, औषधाने धमन्या पूर्ण फुलवतात आणि पलीकडचा दाब भागिले अलीकडचा दाब काढतात. ०.८० पेक्षा जास्त असेल तर ब्लॉक दिसायला कितीही वाईट असला तरी सहसा हात लावायची गरज नसते. ‘फेम’ चाचणीतल्या ब्लॉकची अशी मोजणी केली तेव्हा नजरेला ५० ते ७० टक्के वाटलेल्यांपैकी जेमतेम ३५ टक्के खरोखर रक्त अडवत होते. ७१ ते ९० टक्के वाटलेल्यांतही पाचातला एक निर्दोष निघाला. तार महाग आहे, पण विनाकारण बसणाऱ्या एका स्टेंटच्या आणि त्यामागून येणाऱ्या औषधांच्या तुलनेत नाही. सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधाचा लेप असलेल्या स्टेंटच्या किमतीला २९,६०० रुपयांची मर्यादा घातली, हे चांगलंच झालं. पण स्टेंटची किंमत म्हणजे अख्खं बिल नव्हे. आणि स्टेंट स्वस्त झाला म्हणून त्याची गरज वाढत नाही.

धमनीच्या आतून चित्र घेणारी आयव्हीयूएस आणि ओसीटी ही आणखी दोन साधनं. एक ध्वनिलहरींवर चालतं, दुसरं प्रकाशावर. नुसतं निदान करायला ती सगळ्यांना नकोत. पण बुंध्यात, दुभाजल्या जागी, लांब किंवा चुन्याने कडक झालेल्या ब्लॉकमध्ये स्टेंट टाकायचाच असेल, तर आतून बघून टाकलेला स्टेंट पुढे कमी दगा देतो, हे आता पक्कं आहे. अशा वेळी ‘हे वापरणार का?’ असं विचारायला लाजू नका. ज्या तपासणीने निर्णय सुधारतो ती वगळणं हाही अयोग्य वापरच.

आता त्या ‘तिथेच स्टेंट’बद्दल. कॅथलॅबबाहेरचा तो क्षण अनेकांनी अनुभवलाय. दार उघडतं, मुलाला आत बोलावतात, पडद्यावर धडधडणारं चित्र, बोट दाखवून "हे बघा, ९० टक्के." बाबा टेबलावर, हातात नळी. "आत्ता करायचं की परत यायचं?" पाच मिनिटांत सही. अटॅकमध्ये हे अपरिहार्य आहे. स्थिर रुग्णात, त्यातही मधुमेह असलेल्या रुग्णात, हे मला मान्य नाही. तुमच्या वडिलांना दोन-तीन धमन्यांत आजार निघाला तर स्टेंटपेक्षा बायपास सरस ठरण्याची शक्यता मोठी आहे. मधुमेहाच्या १,९०० रुग्णांवरच्या ‘फ्रीडम’ चाचणीत २०१२ मध्येच दिसलं की अनेक धमन्यांचा आजार असेल तर बायपासनंतर मृत्यू आणि अटॅक कमी होतात. पक्षाघात मात्र थोडे जास्त होतात. हा निर्णय सर्जनशी बोलून, घरी चर्चा करून, शांतपणे घ्यायचा. टेबलावर सर्जन नसतो. म्हणून संमतीपत्रावर सही करताना फक्त अँजिओग्राफीची करा. बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकाच कागदावर असतं. तिथे अँजिओप्लास्टीच्या, म्हणजे स्टेंट टाकण्याच्या, ओळीवर रेघ मारून शेजारी सही करा, आणि आधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा, बुंध्यात काही तातडीचं दिसलं तर आम्हाला बोलवा. चांगला डॉक्टर रागवत नाही. दुसऱ्यांदा नळी घालावी लागेल, खर्च वाढेल, हा युक्तिवाद खरा आहे. तरीही एका धमनीतला सरळसोट ब्लॉक, औषधं पुरेशी घेऊनही त्रास, आणि आधीच यावर बोलणं झालेलं, एवढं जुळत असेल तेव्हाच मी एका बैठकीत करते.

तेव्हा क्रम असा ठेवा. आजपासून औषधं: अ‍ॅस्पिरिन, भरपूर मात्रेत स्टॅटिन, नाडी हळू करणारी गोळी, आणि खिशात जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट. ती बसून घ्यायची, बीपी उतरून चक्कर येते. कुठली, किती, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. दमा असेल, किंवा पुरुषत्वाची (व्हायग्रासारखी) गोळी घेत असतील तर त्यांना सांगायला विसरू नका, त्या गोळीसोबत सॉर्बिट्रेट घातक ठरते. टीएमटीचा कागद धोक्याचा नसेल तर सीटी. बुंधा मोकळा असेल तर सहा-आठ आठवडे औषधं मनापासून, मग बघा. चढ चढता येतोय आणि वडील खूश आहेत? मग अँजिओग्राफी थांबू शकते. औषधं पुरेशा मात्रेत घेऊनही शेतावर जाणं किंवा देवळाच्या पायऱ्या अवघड वाटत असतील, तर तेव्हा करा, आणि त्या वेळी कुणी ‘उगाच करताय’ म्हटलं तर ऐकू नका.

सासऱ्यांचं राहिलं. स्टेंटनंतर त्रास नसताना ठरवून तपासणी करून फायदा होतो का, हे दक्षिण कोरियात ‘पोस्ट-पीसीआय’ चाचणीत पाहिलं. त्यांनी मुद्दाम जास्त धोक्याचे १,७०६ रुग्ण निवडले. वर्षभराने स्ट्रेस तपासणी केलेल्यांत आणि न केलेल्यांत दोन वर्षांनी मृत्यू, अटॅक किंवा अस्थिर अंजायनासाठी दाखल होणं यांचं एकत्रित प्रमाण साधारण सारखंच, ५.५ आणि ६ टक्के. साध्या स्ट्रेस टेस्टने फरक पडला नाही, तिथे दरवर्षी नळी घालण्याला काय अर्थ? बुंध्यातल्या स्टेंटसारखे काही अपवाद असतात, तेव्हा त्यांचा डिस्चार्ज कागद आधी वाचा. नाहीतर दरवर्षी एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), साखर, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), बीपी, आणि गोळ्या परस्पर बंद केल्या नाहीत ना याची चौकशी. बहुतेक जण याच ठिकाणी घसरतात. वर्ष झालं, बरं वाटतंय, म्हणून स्टॅटिन बंद.

अँजिओग्राफी ठरलीच तर काही व्यवहाराच्या गोष्टी. मृत्यू, अटॅक, पक्षाघात यांतली एकेक गुंतागुंत साधारण हजारात एक किंवा त्याहून कमी, शून्य नाही. नळी मनगटातून घालणार का विचारा, जांघेपेक्षा रक्तस्राव कमी होतो आणि माणूस लगेच उठून बसतो. ताजं क्रिएटिनिन हवंच. किडनी कमजोर असेल तर मेटफॉर्मिन दोन दिवस थांबवतात, दुखण्याच्या गोळ्या आधीपासून बंद करतात, सलाइन देतात आणि डाय कमीत कमी वापरतात. एको चांगली झालेली असेल तर डाव्या कप्प्यात वेगळी डाय मारून पंपिंग बघायची गरज नसते, ती वाचवा. कोळंबी-खेकडा सोसत नाही म्हणून डायही सोसणार नाही, असं काही नसतं; पूर्वी डायनेच अंगावर गांधी उठल्या असतील तर मात्र सांगा. आणि निघताना टाइप केलेल्या रिपोर्टबरोबर सीडी मागून घ्या. दुसरं मत घ्यायचं तर चित्र बघूनच घेता येतं. ‘एलएडी (हृदयाची पुढची मोठी धमनी) ८० टक्के’ एवढ्याच ओळीचा फोटो मला मोबाइलवर पाठवलात तर त्यावर मी काहीच सांगू शकणार नाही.